भाऊबीजेचा थाळीमोर्चा

मी सोसायटीची खजिनदार झाले, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग, बत्तीस घरं, लिफ्ट नाही. मी भांडुपच्या एका औषध कंपनीत पगार विभागात अख्खी नोकरी काढलेली, त्यामुळे मला आकडे कळतात असा लोकांचा समज. वार्षिक सभेत खजिनदाराचा विषय आला की सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसायचे, आणि मग मागून कोणीतरी ओरडायचं, "वहिनी आहेत ना!" झालं. टाळ्या, वडापाव, सभा संपली. अशी मी नऊ वर्षं खजिनदार होते, आणि त्यातली पहिली सहा वर्षं मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

आम्हाला हवी होती फक्त लिफ्ट. राहायला आलो तेव्हा सगळे तिशीतले. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात दळणाचा डबा, तरी चार जिने धडाधड चढायचो. मग बघता बघता अख्ख्या बिल्डिंगचे गुडघे एकदमच कुरकुरायला लागले. बाहेरच्या भिंतीला लागून लिफ्ट बसवता येते, महापालिका परवानगी देते, असं कळल्यावर आम्ही मेंटेनन्सबरोबर दर महिन्याला लिफ्टचे वेगळे पैसे काढायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्यांनीसुद्धा कुरकुर न करता दिले. कारण एकच, चौथ्या मजल्यावरच्या मावशी.

मावशी पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. एकट्याच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण बिल्डिंगमधलं एक घर असं नव्हतं जिथे मावशींनी येऊन इंजेक्शन टोचलं नाही. माझ्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा ड्यूटी करून, चार जिने चढून, हातपाय धुऊन परत दोन जिने उतरून माझ्याकडे यायच्या. पैशाचं नाव काढलं तर फाडकन बोलायच्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, जास्त झालेत तर बँकेत ठेव म्हणावं." जीभ तिखट, हात मात्र हलका. त्यांचं इंजेक्शन दुखायचं नाही.

पुढे त्यांचेच गुडघे गेले. डॉक्टरने जिना बंद करायला सांगितला. भाजीची पिशवी दोरीने वर ओढायच्या, दुपारचा डबा यायचा, आणि खिडकीत बसून खालच्यांशी गप्पा मारायच्या. वर्षातून दोनदा उतरायच्या, तेही बसत बसत, एकेक पायरी. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले होते. तेव्हा आमच्या लिफ्टच्या रकमेत नेमका तेवढाच खड्डा होता. एक दिवस त्यांनी मला वर बोलावलं आणि सरळ विचारलं, "गुडघे करून घेऊ, की हे पैसे लिफ्टला देऊ? तू सांग. तुला आकडे कळतात."

मी म्हटलं, "लिफ्टला द्या मावशी. ऑपरेशन करूनसुद्धा चार जिने कोण चढणार? दिवाळीला लिफ्टमधून खाली येऊन फराळ कराल." अगदी हेच शब्द. माझा आवाज किती ठाम होता तेही मला आठवतं.

आता पैसे कुठे होते ते सांगते. आधी ते सरकारी बँकेत होते आणि सुखात होते. पण सहकारी सोसायटीने पैसा सहकारी बँकेतच ठेवायचा, असा सरकारी नियम. आमच्या ऑडिटरने दोन वर्षं लागोपाठ लाल शेरा मारला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "बाई, तुमच्यावर ठपका येईल." ठपका म्हटल्यावर माझी झोप उडाली. पगार विभागात माझ्या नावावर कधी शेरा नव्हता. मी स्वतः जाऊन सगळी रक्कम काढली आणि रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सहकारी बँकेत नेऊन ठेवली. काचेचं दार, गार हवा, काउंटरवरच्या मुली मराठीत बोलायच्या, संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं, तपासणीत 'अ' दर्जा. वरून नियम आलेला, वरूनच दर्जा आलेला. आणखी काय बघायचं असतं माणसाने?

लिफ्टवाल्याला पहिला चेक द्यायच्या आठवड्यात बँकेचं शटर खाली आलं. दिवाळी तोंडावर. संचालकांनी एकाच बिल्डरला बँक रिकामी करून दिली होती, खोटी खाती काढून, वर्षानुवर्षं. तपासणीला येणारे साहेब वर्षानुवर्षं चहा पिऊन 'अ' दर्जा देत होते. मी शटरसमोर उभी राहिले तेव्हा तिथे तीनचारशे माणसं होती. कोणी रडत होतं, कोणी शिव्या घालत होतं. मी काहीच करत नव्हते. माझ्या पर्समध्ये लिफ्टवाल्याचं कोटेशन होतं आणि मला फक्त एवढंच सुचत होतं, की आता वर जाऊन मावशींना काय सांगू. वाट लागली होती, यार, आणि ती मीच माझ्या पायांनी चालत जाऊन लावली होती.

शटरसमोरच आमची ठेवीदार समिती झाली. बायका जास्त. पुरुष कामाला, किंवा लाजेने घरात. मीही समितीत, अर्थात, "वहिनी आहेत ना." ठरलं असं, की भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आमदारांच्या ऑफिसवर थाळीमोर्चा न्यायचा. बँकेच्या उद्घाटनाला फीत कापायला हेच होते, संचालकांबरोबर ह्यांचेच फोटो, सत्तेत पक्ष ह्यांचाच. रिकामी ताटं घ्यायची, पळीने बडवायची, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही. सणाच्या दिवशी बायका रिकामी ताटं बडवतायत म्हटल्यावर टीव्हीवाले धावत येतील, असा माझाच हिशेब. आले पण.

दीडदोनशे बायका होतो. नवघर रस्त्यावरून ताटं बडवत गेलो तेव्हा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. मला आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज एवढा मोठा आहे असं वाटलं. ऑफिसच्या वळणावर आलो आणि पुढच्या बायका थबकल्या. दारात रांगोळी. आत पाट मांडलेला, बाजूला समई. आणि आमदार क्रीम रंगाचा कुडता घालून, डोक्यावर टोपी चढवून, हात जोडून उभे. माइक होताच. म्हणाले, "आज मला पावणेदोनशे बहिणी मिळाल्या. माझ्या बहिणींनी रस्त्यावर बसायचं? आधी भावाला ओवाळा, मग भावाला झोडपा. मी पाटावरून उठणार नाही." आणि खरंच पाटावर जाऊन बसले.

त्यांची बायको निरांजन, कुंकू, सुपारी घेऊन आली आणि नेमकी माझ्यापुढे उभी राहिली. माझ्या हातातल्या रिकाम्या ताटात तिने ते सगळं ठेवलं. आता सांगते, ह्याला मूर्खपणा म्हणा हवं तर, मीही म्हणते. पण भाऊबीजेचा दिवस, पाटावर बसलेला माणूस, हातात पेटलेलं निरांजन, आणि सगळे बघतायत. अशा वेळी बाईचा हात थांबत नाही. लहानपणापासून दरवर्षी तो तसाच फिरत आलेला असतो. मी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी फिरवली. ओवाळलं. पळी काखेत धरलेली होती, ती तशीच.

त्यांनी ओवाळणी म्हणून माझ्या ताटात एक पत्र ठेवलं. त्यांच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासकट, थेट दिल्लीला अर्थखात्याला लिहिलेलं. मुलुंडच्या ठेवीदारांचा पैसा, सोसायट्यांच्या लिफ्टचा आणि दुरुस्तीचा पैसा, पहिल्यांदा सोडवावा. माइकवरून वाचून दाखवलं. 'लिफ्ट' हा शब्द ऐकल्यावर मी रडले. खोटं कशाला बोलू, हुंदके देऊन रडले. माझ्यामागे रांग लागली. तासाभरात मोर्चा संपला, प्रत्येकीला चिवड्याचं पाकीट मिळालं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझा फोटो आला, ताट हातात घेऊन, डोळे पुसताना.

घरी आल्यावर मावशींनी खिडकीतून विचारलं, "काय झालं गं मोर्च्याचं?" मी खालून ओरडले, "पत्र दिलं मावशी! दिल्लीला जाणार!" त्या वरून म्हणाल्या, "बरं. मग पत्रात बसून खाली येऊ का?" खालचे सगळे हसले. मला राग आला. म्हटलं, ह्या बाईला कशाचं म्हणून कौतुक नाही.

त्यानंतर आमच्या समितीचे दातच पडले. कोणी म्हणालं, परत मोर्चा काढू, की दुसरी म्हणायची, "अगं, ओवाळलंय त्याला. भावाच्या दारात कसं बसायचं?" आणि हे आम्ही थट्टेने बोलत नव्हतो. मनापासून वाटायचं तसं. फोन केला की त्यांचा माणूस म्हणायचा, "ताई, साहेब पाठपुरावा करतायत." मी 'पाठपुरावा' हा शब्द सोसायटीच्या नोटीसबोर्डवर स्वतःच्या अक्षरात कितीतरी वेळा लिहिला असेल.

मग दिल्लीने ठेवींच्या विम्याची रक्कम वाढवली. टीव्हीवर मंत्री म्हणाले, लहान ठेवीदाराचा पैसा न् पैसा सुरक्षित. टाळ्या झाल्या. आमच्याकडे पेढे वाटले. मी पेढा घेऊन वर मावशींकडे गेले, त्यांनी अर्धा खाल्ला. दुसऱ्या दिवशी बँकेत, चौकशीपुरत्या उघडणाऱ्या काउंटरवर, विचारायला गेले तर तिळगूळ देणारी तीच मुलगी मान खाली घालून म्हणाली, "काकू, सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार धरतात." बत्तीस घरांनी वर्षानुवर्षं जमवलेलं, त्यात मावशींचे गुडघे, आणि विमा एका माणसाचा. त्यात लिफ्टचं दारसुद्धा आलं नसतं. मी विचारलं, "हे कोणी ठरवलं?" ती म्हणाली, "वरून आलंय."

मधली दोन वर्षं तोंडाला फडकं बांधून गेली. त्यानंतर बँक दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली आणि योजना जाहीर झाली. साध्या माणसांना हप्त्याहप्त्याने, वर्षानुवर्षं. आमच्यासारख्या संस्थांना उरलेल्या रकमेचे शेअर. ते बाजारात विकता येणार नाहीत, आणि त्यावर काही मिळालं तर मिळालं. मी ते इंग्रजी पत्र तीनदा वाचलं. मला आकडे कळतात ना! सभेत उभं राहून सांगितलं, "आपल्या लिफ्टचे शेअर झालेत." कोणी हसलं नाही आणि कोणी मला दोषही दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं. त्या सभेत मी खजिनदारपद सोडलं. ह्या वेळी मागून कोणी ओरडलं नाही.

डोक्यात तिडीक गेली ती त्यानंतर. मी दिल्लीला, अर्थखात्यात, माहिती अधिकारात अर्ज केला. विचारलं एवढंच, की अमुक तारखेच्या अमुक पत्रावर काय कारवाई झाली. पत्राची प्रत जोडली, त्या ताटातल्याच पत्राची. उत्तर आलं चार ओळींचं: असं कोणतंही पत्र कार्यालयात आल्याची नोंद आढळत नाही. मग मुंबईत, मंत्रालयात अर्ज केला. तिथेही नोंद नाही. म्हणजे त्या माणसाने ते पत्र लिहिलं होतं फक्त माझ्या ताटात टाकायला. पोस्टाचं तिकीटसुद्धा लावलं नव्हतं.

मी ते उत्तर घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. तिथे संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. मला बघून लांबूनच म्हणाले, "या ताई, या!" मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "सरकारी कारभार, ताई. कागद हरवतात. बहिणीने भावावर विश्वास ठेवायचा असतो." त्यांच्या बायकोने माझ्या हातात वाण दिलं, स्टीलचा डबा. मी तो फेकायला हवा होता. मी घेतला. आजूबाजूला बायका होत्या, आणि वाण नाकारायचं नसतं ना! घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, विनाकारण, तासभर. तो बिचारा नुसता म्हणाला, "अगं, मी काय केलं?"

बँक बुडवणारे जामिनावर बाहेर आले. ऑडिटरला फोन केला तर म्हणाला, "बाई, नियम होता, मी शेरा मारला." 'अ' दर्जा देणारे साहेब कोण होते ते आम्हाला कधी कळलंच नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता. चूक फक्त आमची, की आम्ही सांगितलेलं ऐकलं. मावशींनी मात्र मला एकदाही विचारलं नाही. भेटले की चहा करायच्या, ओट्याला टेकून, एका पायावर भार देऊन. आता वर्षातून दोनदासुद्धा उतरत नव्हत्या. मागच्या दिवाळीला मी फराळाचं ताट वर घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "ठेव तिथे."

विधानसभेची निवडणूक आली, आमदार परत उभे राहिले, तेव्हा मावशी एकोणऐंशीच्या होत्या. घरी येऊन मत घेतात ती सोय त्याहून मोठ्या वयाची. मतदानाच्या दिवशी सकाळी नऊला आमदारांचे चार दणकट कार्यकर्ते जिन्यात शिरले, खांद्यावर प्लास्टिकची खुर्ची. साहेबांनी ज्येष्ठांसाठी सोय केलीय म्हणे. मी दारातच आडवी आले. "पाच वर्षांत लिफ्ट देता आली नाही, आणि आता खुर्ची घेऊन आलात? लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "काकू, आम्ही काय, आम्हाला यादी दिलीय." मी त्यांच्यामागून वर धावले, मावशींना सांगायला, की जाऊ नका, एक दिवस तरी ह्यांना रिकाम्या खुर्चीने परत पाठवा.

मावशी तयार होऊन बसल्या होत्या. अबोली रंगाची साडी, पावडर, पर्स मांडीवर. मला म्हणाल्या, "गप गं. मला खाली जायचंय."

चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि पंधरा मिनिटांत उतरवलं. समोरच्या पालिकेच्या शाळेत नेलं, मत दिलं, बोटाला शाई लागली, खुर्चीतच परत आणून गेटच्या आत कडुनिंबाखाली ठेवलं. "मावशी, पाच मिनिटांत आलो, एक घर राहिलंय," म्हणून ते गेले. मावशी मजेत होत्या. वॉचमनला त्याची शुगर विचारली. भाजीवाल्या भय्याला कित्येक वर्षांनी जवळून बघितलं, म्हणाल्या, "अरे, तू तर म्हातारा झालास!" गेटबाहेरचा इडलीवाला बोलावून इडली खाल्ली. मी बाजूला स्टूल टाकून बसले. इतकं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि मलाही बरं वाटत होतं.

अकरा वाजले, एक वाजला. बाथरूमला माझ्याकडे न्यायचं तर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून शेवटी तळमजल्यावरच्या घरी नेलं. तीनला पाय सुजायला लागले. मी आमदारांच्या ऑफिसात फोन लावला. लावतच राहिले. सहाला कोणीतरी उचलला, मागे ढोल वाजत होता. मी म्हटलं, चौथ्या मजल्यावरची बाई सकाळपासून खाली बसलीय, माणसं पाठवा. तो म्हणाला, "ताई, मतदान संपलं ना आता. पोरं दमली. उद्या बघू."

शेवटी आमच्याच माणसांनी उचललं. माझा नवरा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, तळमजल्यावरचे काका, वॉचमन आणि मी. प्रत्येक जिन्यावर थांबत, धापा टाकत. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, निदान मत तरी त्याला दिलं नाहीत ना?"

त्यांनी शाईचं बोट पदरात लपवलं. म्हणाल्या, "त्यालाच दिलं गं. म्हटलं, कळलं दुसऱ्याला दिलं, तर वर न्यायला येणार नाहीत."